ग्राहक संरक्षण कायदा आणि आमचा विनामूल्य मदत कक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कक्ष नेमके काय काम करतो?

आमच्या वकिली कार्यालयातील नेहमीची कामे सांभाळून आम्ही ग्राहक तक्रारींसाठी एक विनामूल्य कक्ष चालवतो. आलेल्या व्यक्तीची कागदपत्रे वाचणे, तिचे प्रकरण ग्राहक कायद्यात बसते की नाही हे स्पष्ट सांगणे, नोटीस आणि तक्रार अर्जाचा मसुदा तयार करून देणे, आणि अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगापुढे स्वतः कसे उभे राहायचे याची तयारी करून घेणे, असे या कामाचे स्वरूप आहे. प्रकरण गुंतागुंतीचे असेल किंवा तक्रारदार वयाने वा आजारपणाने थकलेला असेल, तर आम्ही वकीलपत्रही दाखल करतो. मात्र बहुतेक प्रकरणांत तशी गरज पडत नाही, आणि ती पडू नये असाच आमचा प्रयत्न असतो.

खासगी वकिलांनी हे काम फुकट का करावे?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतील नियम ४६ असे सांगतो की ज्याला वकिलाची खरी गरज आहे त्याला पूर्ण फी देता येत नसली तरी कायद्याची मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत गरजूंना विनामूल्य मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. नियम जुना आहे, पण सनद हाती पडल्यानंतर तो फारसा कोणी उघडून पाहत नाही, ही आमच्या व्यवसायाबद्दलची तक्रार आम्हीच करून ठेवतो.

ग्राहक तक्रारी निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे. दहा-बारा हजारांच्या वस्तूसाठी वकिलाची फी भरणे कोणालाच परवडत नाही आणि कंपन्यांना ते पक्के ठाऊक असते. त्यामुळे ग्राहकाची बाजू कितीही खरी असली तरी तो घरी बसतो. रकमा लहान आणि अडवणूक मोठी अशा या प्रकरणांत कोणी चार कागद नीट लावून दिले, तरी पारडे बरेच फिरते.

ग्राहक आयोगात वकील लावावाच लागतो का?

नाही. तक्रारदार स्वतः किंवा आपल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत तक्रार दाखल करू शकतो आणि चालवूही शकतो. आयोगाचे कामकाज मुख्यतः शपथपत्र आणि कागदोपत्री पुरावा यांवर चालते. दिवाणी दाव्यात होते तशी लांबलचक तोंडी उलटतपासणी येथे सहसा नसते. म्हणून ग्राहकाच्या प्रकरणात वक्तृत्वापेक्षा फाईल महत्त्वाची. आमच्याकडे आलेल्या अनेकांना ‘साहेबांसमोर बोलता येणार नाही’ ही एकच भीती असते. कोणत्या कागदाला कोणता क्रमांक दिला आहे आणि कोणता कागद काय सिद्ध करतो हे त्यांना पाठ झाले की ती भीती बरीचशी जाते.

आपल्या कक्षाची मदत कोणाला मिळू शकते? उत्पन्नाचा दाखला लागतो का?

दाखला मागत नाही. परंतु आलेल्या प्रत्येकाला आम्ही प्रथम एक प्रश्न विचारतो : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपण गेला होता का? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्तींना शासकीय खर्चाने वकील मिळू शकतो. यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही माहीत नसते. ही मदत हक्काची आहे, आमची मदत ऐच्छिक आहे. म्हणून जेथे हक्काचे दार उघडे आहे तेथे आम्ही आधी तिकडे पाठवतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

जे या यादीत बसत नाहीत, पण ज्यांना फी परवडत नाही किंवा ज्यांच्या वादाची रक्कम फीपेक्षा लहान आहे, त्यांच्यासाठी हा कक्ष आहे. निवृत्त कर्मचारी, लहान पगाराचे नोकरदार आणि पहिल्याच नोकरीत फसवले गेलेले तरुण येथे सर्वाधिक येतात.

कायद्याच्या भाषेत ‘ग्राहक’ म्हणजे कोण? मी व्यवसायासाठी यंत्र घेतले असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण चांगल्या तक्रारी येथेच घसरतात. मोबदला देऊन, किंवा देण्याचे वचन देऊन, वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक असते. खरेदीदाराच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक असते. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू मात्र यातून वगळली आहे. या अपवादालाही अपवाद आहे : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी व्यक्तीने वस्तू विकत घेऊन स्वतः वापरली असेल, तर तो हेतू व्यापारी मानला जात नाही.

आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. कर्ज काढून घेतलेले विजेवर चालणारे शिलाई यंत्र तिसऱ्याच आठवड्यात टाके सोडू लागले. कंपनीच्या माणसाने दोनदा येऊन सुई बदलली, तिसऱ्यांदा दोष कापडाचा असल्याचे सांगितले, आणि नोटिशीच्या उत्तरात कंपनीने लिहिले की बिलावर ‘लेडीज टेलर्स’ असे दुकानाचे नाव असल्याने खरेदी व्यापारी आहे. ताईंनी सोबत आणलेल्या पिशवीत टाके सुटलेल्या ब्लाउजची एक बाही होती, आणि कंपनीच्या मेकॅनिकने सही केलेली तीन सेवा पत्रके एका वहीत चिकटवलेली होती. ती बाही आम्ही बाजूला ठेवली आणि पत्रके मात्र जपून फाईलला लावली. त्यांवर प्रत्येक वेळी ‘टाका सुटतो’ हीच तक्रार कंपनीच्याच अक्षरात नोंदलेली होती.

व्यापारी हेतूच्या आक्षेपाला उत्तर देणे फार अवघड नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात हा भेद उदाहरणांनी समजावला आहे. टाइपरायटर विकत घेऊन त्यावर स्वतः दुसऱ्यांची टंकलेखनाची कामे करणारा ग्राहकच असतो. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र यंत्र घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा ग्राहक ठरत नाही. म्हणून अशा प्रकरणात तक्रार अर्जातच ‘हे यंत्र मी स्वतः चालवते आणि माझी उपजीविका यावर आहे’ हे वाक्य स्पष्ट लिहावे. ते पहिल्या दिवशी लिहिलेले नसले की पुढे सगळा वेळ त्याच आक्षेपाला उत्तर देण्यात जातो.

तक्रार कोठे दाखल करावी आणि किती शुल्क भरावे लागते?

वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे, ५० लाखांहून अधिक ते २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे, आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये या मर्यादा मूळच्या १ कोटी आणि १० कोटी अशा होत्या; डिसेंबर २०२१ च्या नियमांनी त्या खाली आणल्या, त्यामुळे जुने लेख वाचून येणाऱ्यांचा गोंधळ होतो. येथे आपण प्रत्यक्ष दिलेला मोबदला पाहिला जातो, मागितलेली नुकसानभरपाई नाही.

मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये इतके शुल्क आहे. दुसरी मोठी सोय अशी की तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगातही तक्रार करता येते; कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या टोकाच्या राज्यात असले तरी तिला आपल्या जिल्ह्यात यावे लागते. २०१९ च्या अधिनियमापूर्वी ही सोय नव्हती. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि विनंती केल्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीही होऊ शकते.

तक्रार करण्याची मुदत किती?

वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. विलंबाचे पुरेसे कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असे समजून चालू नये.

सर्वाधिक हळहळ आम्हाला याच मुद्द्यावर होते. माणूस चांगुलपणाने थांबतो. दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ म्हणतो, विमा कंपनी ‘फाईल वरिष्ठांकडे आहे’ म्हणते, बिल्डर गणपतीनंतर, दिवाळीनंतर, पाडव्याला असे मुहूर्त देत राहतो, आणि दोन वर्षे उलटतात. आपण एकामागून एक स्मरणपत्रे पाठवत राहिलात म्हणून मुदत वाढत नाही, हे लक्षात ठेवावे. विम्याचा दावा नाकारला गेला असेल तर नाकारल्याचे पत्र कोणत्या तारखेचे आहे ते पाहावे. ते पत्र लिफाफ्यासह जपून ठेवावे. ताबा न मिळालेल्या सदनिकेच्या बाबतीत वादाचे कारण सातत्याने चालू राहते असे न्यायालयांनी मानले आहे, परंतु या एका सवलतीच्या भरवशावर इतर प्रकरणांत थांबणे धोक्याचे ठरते.

आधी नोटीस द्यावीच लागते का? हेल्पलाइनचा उपयोग होतो का?

कायद्याने नोटीस सक्तीची केलेली नाही. तरीही ती द्यावी. काय घडले, कोणत्या तारखेला घडले, आपल्याला काय हवे आहे आणि किती दिवसांत, इतकेच एका पानात लिहून स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवावे. धमकीची भाषा टाळावी, कारण हेच पत्र पुढे आयोगाच्या सदस्यांपुढे जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, म्हणजे १९१५, हा दावापूर्व मार्ग आहे. तेथे तक्रार नोंदवल्यावर अनेक कंपन्या पैसे परत करतात. मात्र तेथे आदेश होत नाही, आणि तेथील नोंद म्हणजे आयोगातील तक्रार नव्हे.

माझ्याकडे बिल नाही. आता काय करावे?

बिल नसणे ही अडचण आहे, पण तेथेच सगळे संपते असे नाही. बँकेचे विवरणपत्र, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वॉरंटी कार्डावरील शिक्का, डिलिव्हरीचा संदेश, दुकानदाराशी व्हॉट्सअॅपवर झालेले संभाषण, यांतून खरेदी सिद्ध करता येते. मोबाइलवरील पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसारचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. त्याचा नमुना आम्ही देतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आम्ही आता प्रत्येकाला सांगतो. दुकानात मिळणारी बरीचशी बिले उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतात आणि काही महिन्यांत ती कोरी होतात. आमच्यासमोर एका गृहस्थांनी पाकिटातून अत्यंत निगुतीने जपलेले बिल काढले आणि उलगडले; त्यावर खाली निळ्या शाईतला शिक्का तेवढा शिल्लक होता. त्यांना वाटले आपण चुकीचा कागद आणला. बिल मिळाले त्याच दिवशी त्याचा फोटो काढावा आणि झेरॉक्स करून ठेवावी. प्लास्टिकच्या पाकिटात त्या बिलावरची छपाई लवकरच उडते.

ऑनलाइन खरेदीत विक्रेता आणि संकेतस्थळ एकमेकांकडे बोट दाखवतात. कोणाविरुद्ध तक्रार करावी?

दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. कोणाची जबाबदारी किती हे आयोग ठरवेल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. त्यामुळे ग्राहक सेवेच्या चॅटवर भांडण्याऐवजी त्या अधिकाऱ्याला ईमेल करावा, म्हणजे तारखा आपोआप नोंदल्या जातात.

न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, शेवटच्या पानावर नवे शुल्क वाढवणे, ‘फक्त एकच नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, सदस्यत्व रद्द करण्याचे बटण सापडूच न देणे, अशा १३ फसव्या रचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंधित केल्या आहेत. अशा वेळी स्क्रीनशॉट घ्यावा. दुसऱ्या दिवशी ते पान तसे दिसत नाही.

रुग्णालयाविरुद्ध तक्रार करता येते का?

करता येते. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २०१९ च्या कायद्याखालीही ती आहे हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले. जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य उपचार मिळतात ते रुग्णालय यातून सुटते. जेथे काही जण पैसे देतात तेथील विनामूल्य रुग्णही ग्राहक ठरतो.

परंतु उपचाराला यश न येणे आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस गेल्याच्या दुःखात आलेल्या नातेवाइकांना हे सांगणे हा या कक्षातला सर्वात जड भाग आहे. म्हणून आम्ही आधी उपचारांची कागदपत्रे मागवायला सांगतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. ती तज्ज्ञाला दाखवल्यावरच पुढचा निर्णय आम्ही कुटुंबाबरोबर बसून घेतो, आणि अनेकदा तो तक्रार न करण्याचा असतो.

बिल्डरविरुद्ध महारेराकडे जावे की ग्राहक आयोगाकडे?

महारेरा म्हणजे रेरा या स्थावर संपदा कायद्याखालचे राज्याचे नियामक प्राधिकरण. दोन्ही मार्ग खुले आहेत. रेरा कायद्यामुळे ग्राहक आयोगाचा अधिकार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात म्हटले आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नये. प्रकल्प नोंदणीकृत असून व्याजासह पैसे परत हवे असतील तर महारेरा सोयीचे. बांधकामातील दोष, मनस्ताप आणि सोसायटीच्या सुविधांचा एकत्र विचार हवा असेल तर आयोग, असा आमचा सर्वसाधारण सल्ला असतो. अनेक सदनिकाधारकांचे हित समान असल्यास आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करता येते.

वकिलाने काम नीट केले नाही, तर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते का?

ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्या वकील कार्यालयाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर असे आहे की जाता येत नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. डॉक्टर आत आणि वकील बाहेर, हे चित्र सामान्य माणसाला विचित्र वाटते आणि त्याचे आम्हाला नवल वाटत नाही.

याचा अर्थ वकिलाला कोणी विचारणारे नाही असा नव्हे. गैरवर्तणुकीबद्दल वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. आमच्या कक्षाच्या कामाबद्दल तक्रार असेल तरीही हेच मार्ग आपल्याला खुले आहेत, आणि तसे आम्ही पहिल्या भेटीत दिल्या जाणाऱ्या पत्रात लिहून देतो.

निकाल लागायला किती वेळ लागतो?

कायदा म्हणतो की सामनेवाल्यांना नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वेळ याहून बराच अधिक लागतो. ज्याला घाई आहे त्याला आम्ही खोटी आशा दाखवत नाही. एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या हाती आहे. सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात, त्यापलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले. नोटीस बजावल्याची तारीख टिपून ठेवावी आणि पंचेचाळीस दिवस उलटल्यावर ते आयोगाच्या निदर्शनास आणावे. तडजोडीची शक्यता दिसल्यास आयोग उभय पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. लहान रकमेत आम्ही हा मार्ग सुचवतो.

आदेश माझ्या बाजूने झाला, पण कंपनी पैसे देत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त करावी. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा किमान २५,००० आणि कमाल १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीला जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते, पण आदेशित रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणारे येथे विचारात पडतात.

मिळालेल्या रकमेतून आपण काही टक्के घेता का?

नाही, आणि कोणत्याही वकिलाने घेऊ नये. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियम २० ने निषिद्ध आहे. टपाल, झेरॉक्स आणि शपथपत्राचा खर्च तक्रारदाराने करायचा असतो; तोही जमत नसेल तर सांगावे.

कोणती प्रकरणे आपण घेत नाही?

ज्या कंपनीचे किंवा बँकेचे काम आमच्या कार्यालयाकडे आहे तिच्याविरुद्धचे प्रकरण आम्ही ऐकूनही घेत नाही. नाव कळताच थांबवतो आणि दुसरीकडे पाठवतो. म्हणून भेटीची वेळ ठरवताना फक्त सामनेवाल्याचे नाव सांगावे, हकीकत सांगू नये. तसेच बदनामीच्या धाकाने पैसे काढण्यासाठी, किंवा एका चार्जरसाठी दहा लाखांची मागणी करण्यासाठी आम्ही मसुदा लिहून देत नाही.

भेटीला येताना काय आणावे?

सर्व मूळ कागद, त्यांच्या दोन प्रती, मोबाइल चार्ज करून, आणि घटनाक्रम तारीखवार लिहिलेला एक कागद. घटनाक्रम स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या हाताने लिहावा. तारीख आठवत नसेल तर जागा मोकळी सोडावी, अंदाजाने भरू नये. कागद लॅमिनेट करून आणू नयेत. वस्तू घरीच ठेवावी, ती दुरुस्त करून घेऊ नये आणि टाकूनही देऊ नये, कारण तपासणीचा आदेश झाला तर आयोगाला तीच लागते.